सबमिट झाल्यानंतर

धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी लोकांची ऑनलाइन कामं करून देते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, पीक विमा, नोकरभरतीचे फॉर्म, क्वचित रेल्वेचं तिकीट. ज्याला हे स्वतःला जमत नाही, किंवा जमतं पण करायचा धीर होत नाही, तो माझ्यासमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत येऊन बसतो. दहा वर्षांहून जास्त काळ हे चाललंय, आणि तेवढ्या काळात माझं काम हलकं करू म्हणणारी नाना साधनं या टेबलावरून गेली. नाव-पत्ता आपोआप भरणारा ब्राउझर, क्लिक टिपून ठेवून पुन्हा तशाच करणारी एक्स्टेन्शन्स, भाच्याने लिहून दिलेले प्रोग्राम, आणि अलीकडे, काय करायचं ते मराठीत सांगितलं की स्वतःच साइट उघडून बसणारे एआय. ही साधनं बनवणाऱ्यांची आणि सामान्य माणसाची गाठ पडलेली नसावी, असं मला फार वेळा वाटलं. माझी रोज पडते.

तो माणूस 'लवकर करा' म्हणतो खरा, पण त्याला घाई घरी जायची असते, फॉर्मची नसते. फॉर्मच्या बाबतीत त्याचे प्रश्न वेगळे असतात. नीट गेलं का? कागद मिळेल का? परत यावं लागेल का? पैसे कुठल्या खात्यात येतील? या प्रश्नांना वेगाचा काही उपयोग नाही, हे मला कळायला २०२३ चा खरीप यावा लागला.

त्या वर्षी राज्याने एक रुपयात पीक विमा आणला. शेतकऱ्याने एक रुपया भरायचा, हप्त्यातला त्याचा बाकी वाटा राज्याने उचलायचा, आणि माझ्यासारख्या केंद्रचालकाला विमा कंपनीकडून अर्जामागे चाळीस रुपये. राज्यभरातून १ कोटी ७० लाखांच्या आसपास अर्ज गेले. जुलैअखेरीस आमच्या दारात चपलांचा ढीग लागायचा, दुपारी सर्व्हर बसायचा, म्हणून आम्ही रात्री अकराला पुन्हा शटर उघडायचो. भाचा तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला होता. त्याने सेलेनियम वापरून एक प्रोग्राम करून दिला. सेलेनियम हे २००४ मध्ये निघालेलं, मुळात संकेतस्थळांच्या तपासणीसाठी असलेलं साधन. ब्राउझरला माणसासारखं चालवतं. लॉगिन, कॅप्चा आणि शेवटचं बटण माझ्या हातात, मधलं टायपिंग त्याचं, असं ठरलं. एक्सेलच्या तक्त्यात माहिती भरून ठेवायची, प्रोग्राम ती एकेका चौकटीत टाकत जाणार.

टायपिंग खरोखर झपाट्याने व्हायला लागलं आणि रांग मात्र होती तेवढीच राहिली. कारण वेळ टायपिंगला लागतच नव्हता. शेतकरी सांगतो, दोन एकर दहा गुंठे. पोर्टलला हवेत हेक्टर आणि आर, म्हणजे सुमारे ०.९१. सातबारा चार भावांच्या सामाईक खात्याचा. त्यात याच्या वाट्याला किती, ते त्याला ठाऊक, कागदाला ठाऊक नाही. सोयाबीनमध्ये तूर आहे, मग तूर वेगळी दाखवायची का? पासबुक आणलंय जिल्हा बँकेचं, पण आधार जोडलेलं खातं दुसऱ्याच बँकेत. हे सगळं विचारून घ्यायला लागतं, आणि विचारताना समोरच्याला आपण अडाणी ठरतोय असं वाटू द्यायचं नसतं. याचा प्रोग्राम करायला कुणाला सांगायचं? भाचा म्हणाला, "मावशी, तू तक्ता बरोबर भर, बाकी मी बघतो." तक्ता बरोबर भरणं हेच तर काम होतं.

याच चाळीस रुपयांची दुसरी बाजूही त्या काळात दिसली. राज्यात कुठे गायरानावर, कुठे देवस्थानाच्या जमिनीवर, कुठे दुसऱ्याच्याच गटावर विमा उतरवल्याची प्रकरणं बाहेर आली. त्यात काही केंद्रचालकही सापडले. अर्जामागे पैसे, आणि अर्ज भरायला न थकणारं साधन, हे दोन्ही एका हातात आले की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं. पुढे २०२५ मध्ये एक रुपयाची ती सवलतच गेली. मला विचाराल तर, किती अर्ज झाले हे मोजणाऱ्या साधनापेक्षा ज्या अर्जामागचा माणूस समोर बसलेला नाही तो अर्ज अडवणारं साधन मी जास्त पैसे देऊन घेईन.

तत्काळ तिकिटाचं सॉफ्टवेअर आहे का, असं विचारायलाही पोरं येतात. नाही ठेवत. सकाळी दहाला एसीचं आणि अकराला साध्या डब्यांचं बुकिंग उघडतं. यंत्राने पटकावलेलं प्रत्येक तिकीट कुणाच्या तरी बापाचं दवाखान्यात जायचं असतं. रेल्वेने जुलै २०२५ पासून तत्काळला आधारची पडताळणी लावली, ती अशाच पोरांपायी, आणि त्याचा त्रास होतो तो आधारला जुना मोबाइल नंबर असलेल्या म्हाताऱ्याला. कॅप्चाचंही तेच आहे. आपण ज्या अडथळ्यांना रोज शिव्या देतो, त्यातले अर्धे तरी आपल्यातल्याच कुणाच्या तरी अतिशहाण्या प्रोग्राममुळे बसवलेले असतात.

जुन्या साधनांचा सगळ्यात मोठा दोष असा की त्यांना आपण चुकलो हे कळायचंच नाही. क्लिक टिपणारं जे एक्स्टेन्शन मी आधी वापरायचे, ते साइटवाल्यांनी एक चौकट वरखाली केली की वडिलांच्या नावाच्या जागी गावाचं नाव टाकायचं आणि 'पूर्ण झालं' म्हणून हिरवी खूण दाखवायचं. २०१७ च्या नोव्हेंबरात फायरफॉक्सने आपला ढाचा बदलला, जुन्या धर्तीची एक्स्टेन्शन्स चालेनाशी झाली, त्यात तेही गेलं. फार वाईट वाटलं नाही.

आमच्या जिल्ह्याची तर वेगळीच गंमत. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. पोर्टलांनी हा बदल आपापल्या सवडीने केला. एकीकडे यादीत धाराशिव, दुसरीकडे उस्मानाबाद, तिसरीकडे राज्याच्या यादीत एक आणि केंद्राच्या यादीत दुसरं. छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगरच्या केंद्रचालकांचंही हेच रडगाणं. माणसाला हे एकदा सांगितलं की पुरतं. प्रोग्राम तक्त्यातला शब्द यादीत शोधतो, सापडला नाही की थांबतो, आणि वाईट लिहिलेला असेल तर यादीतला पहिला जिल्हा निवडून पुढे जातो. बँकांच्या आयएफएससीचंही तसंच. २०१९ आणि २०२० मध्ये बँका एकमेकींत विलीन झाल्या, देना आणि विजया बँक ऑफ बडोद्यात, सिंडिकेट कॅनरात, आणि वर्ष-दोन वर्षांत जुने कोड बंद झाले. पण ज्यांनी ब्राउझरमध्ये माहिती साठवून ठेवली होती, त्यांचा ब्राउझर जुनाच कोड इमानदारीने भरत राहिला. त्या अकरा अक्षरांतलं पाचवं नेहमी शून्य असतं. लोक तिथे इंग्रजी ओ घालतात. एवढी साधी गोष्ट एखाद्या साधनाने माझ्या कानाशी येऊन सांगितली असती, तर मी त्याला डोक्यावर घेतलं असतं.

इथे एआयवाल्या ब्राउझरचं कौतुक करायला हवं. धाराशिव आणि उस्मानाबाद एकच, हे त्याला न सांगता कळतं. दोन एकर दहा गुंठ्यांचे हेक्टर तो स्वतः करतो. चौकट हलली तरी गोंधळत नाही. भाच्याने गेल्या वर्षी एक बसवून दिला तेव्हा मी दिवसभर त्याच्याकडे कौतुकाने बघत होते. बघत होते म्हणूनच एक गोष्ट दिसली. एका शिष्यवृत्तीच्या अर्जात उत्पन्नाच्या दाखल्याचा क्रमांक हवा होता. आणलेल्या कागदावर दोन क्रमांक होते, एक अर्जाचा आणि एक दाखल्याचा. त्याने अर्जाचा टाकला. पोर्टलने स्वीकारला, कारण पोर्टलला नुसते आकडे हवे होते. शेवटी त्याने सगळी माहिती व्यवस्थित भरल्याचं मराठीत सांगितलं, तेही चांगल्या मराठीत.

चुकला याचा राग नाही. नवीन पोरगं कामाला ठेवलं तर तेही इथे चुकतं. पण ते पोरगं मान वर करून विचारतं, "ताई, यातला कुठला?" मला साधनाकडून एवढंच हवंय. जे कागदावरून घेतलं ते एका रंगात दाखव, जे तू अंदाजाने ठरवलंस ते दुसऱ्या रंगात. पन्नास चौकटी मी पुन्हा वाचणार नाही, कुणीच वाचत नाही. अंदाजाच्या चार दाखवल्यास तर चारही वाचीन. 'सबमिट करण्यापूर्वी सर्व माहिती तपासा' असं बजावणं म्हणजे जबाबदारी माझ्या पदरात टाकून मोकळं होणं आहे.

आणि काही प्रश्नांना त्याने उत्तर देऊच नये. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली, त्यात घरातलं कुणी सरकारी खात्यात कायम नोकरीला नाही, अशा अर्थाचं विधान होतं, आणि पुढे होय किंवा नाही निवडायचं. बाया यायच्या, मी विचारायचे, "घरात सरकारी नोकरीत हाय का कुणी?" त्या म्हणायच्या, "न्हाई बाई, कुठलं!" आणि ज्या घरी स्वतःच्या मोबाइलवर भरत होत्या त्या तेच 'नाही' दाबायच्या. म्हणजे 'कुणी नाही' हे खरं नाही, असं लिहून द्यायच्या. पोरांनीही दाबून दिलं, नवऱ्यांनीही. अशा ठिकाणी साधनाने थांबायचं, विधान साध्या बोलीत उलगडून सांगायचं, आणि उत्तर त्या बाईच्या तोंडून घ्यायचं. तिचे महिन्याचे दीड हजार त्यावर अवलंबून आहेत.

आमच्याकडे एक अंध तरुण यायचा, बँकेच्या परीक्षांची तयारी करणारा. स्वतःच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए घेऊन बसायचा, पडद्यावरचं वाचून दाखवणारा, फुकट मिळणारा स्क्रीन रीडर आहे तो. फॉर्म तो स्वतःच भरायचा, माझ्याकडे यायचा तो फक्त कॅप्चा वाचून घ्यायला आणि फोटो वीस ते पन्नास केबीत बसवायला. एकदा त्याने मला हेडफोन लावायला दिले. एका सरकारी पानावर तो आवाज म्हणत होता, बटण, बटण, बटण, बटण. कशाचं बटण ते पान बनवणाऱ्याने लिहिलंच नव्हतं. जन्मतारीख टाइप करता येत नव्हती, कॅलेंडर उघडून एकेक महिना मागे जायचं. भाचा शेजारीच होता. तो म्हणाला, माझा प्रोग्रामही नेमका अशाच पानांवर अडकतो. पानाला नीट नावं दिली की स्क्रीन रीडरलाही वाचता येतं आणि प्रोग्रामलाही. त्या तरुणाला पुढे नोकरी लागली. कॅप्चा आता कुणाकडून वाचून घेतो, कुणास ठाऊक.

विश्वासाचं काय, ते सांगितलं पाहिजे. लोक माझ्या हातात अख्खा मोबाइल देतात, ओटीपीसकट. आधार, पासबुक, कधी एटीएमचा पिनही मोठ्याने सांगतात. मला त्यांना गप्प करावं लागतं. ते हे देतात कारण मी कुठे राहते ते त्यांना माहीत आहे. साधन कुठे राहतं? एक्स्टेन्शन बसवताना ते परवानगी मागतं ती सगळ्या साइटवरची सगळी माहिती वाचण्याची आणि बदलण्याची. घरच्या कॉम्प्युटरवर ते एका माणसाचं असतं, माझ्याकडे ते अख्ख्या तालुक्याचं. दुसऱ्या एका केंद्रात असं झालं की ब्राउझरने आधीच्या मुलीचा साठवलेला मोबाइल नंबर पुढच्या मुलीच्या अर्जात भरला. वर्षभर एकीचे ओटीपी दुसरीला. तेव्हापासून माझ्या कॉम्प्युटरवर काहीही साठवून राहत नाही. गिऱ्हाईक उठलं की पाटी कोरी. मला हवं असलेलं साधन एका माणसासाठी उघडतं, फक्त त्या एका साइटपुरतं चालतं आणि तो उठला की सगळं विसरतं. असं अजून माझ्या पाहण्यात नाही. सगळ्यांना 'तुमच्याबद्दल लक्षात ठेवू' यातच भूषण वाटतं. एआयवाल्या ब्राउझरला तर पानावर लपवून लिहिलेल्या सूचनाही मालकाच्याच वाटू शकतात, आणि यावर पक्का इलाज सापडलेला नाही हे बनवणारेही मान्य करतात. शेतकरी सन्मान निधीच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या खोट्या अ‍ॅपच्या फायली ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हा धोका समजावून सांगावा लागत नाही. साइटचा पत्ता gov.in चा आहे की तसा दिसणारा, एवढं तरी त्याने पहिल्या क्लिकच्या आधी बघावं.

पण इतकं सगळं सुधारलं तरी माझ्याकडची अर्धी कामं उरतील, कारण ती फॉर्म भरून झाल्यावर सुरू होतात. हे मला एका नर्सिंगच्या मुलीमुळे नीट कळलं. तिचा अर्ज ऑगस्टमध्ये व्यवस्थित गेला होता, पोच होती. जानेवारीत ती कसल्याशा भरतीचा फॉर्म भरायला आली, तेव्हा सहज म्हणून शिष्यवृत्तीचं लॉगिन उघडलं. अर्ज कॉलेजकडून परत पाठवलेला, कारण एका ओळीचं, दाखला अस्पष्ट. मुदत संपायला थोडे दिवस. तिला कुणी कळवलेलं नव्हतं, कारण नोंदवलेला नंबर वडिलांचा आणि त्यांनी सिम बदललेलं. दाखला पुन्हा स्कॅन करायला काही मिनिटं लागली. ती नुसती आली नसती तर वर्षाची फी अंगावर पडली असती.

शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर मागे काही वर्षं अशी रीत होती की शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी विद्यार्थ्याने लॉगिन करून 'रिडीम'चं बटण दाबायचं, तेव्हा पैसे निघायचे. कितीतरी पोरं मंजूर झालं म्हणून निश्चिंत बसायची. पैसे निघाले तरी ते आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, फॉर्ममध्ये लिहिलेल्या नव्हे. लाडक्या बहिणीच्या पहिल्या हप्त्याला गावोगावच्या बाया या बँकेतून त्या बँकेत हिंडल्या त्या याच्यामुळे. पैसे आले होते, कधीकाळी शून्य शिलकीवर उघडून विसरलेल्या खात्यात. कुणाचाही फॉर्म चुकला नव्हता.

म्हणजे लोकांना हवी असते ती नजर. कुणीतरी रोज जाऊन बघावं, आणि काही हललं तरच सांगावं, तेही 'अंडर स्क्रूटिनी' असं नव्हे, तर तुमचा कागद कॉलेजच्या क्लार्ककडे आहे, तुम्हाला आत्ता काही करायचं नाही, असं. मी भाच्याला म्हटलं, भरायचं सोड, मला हे करून दे. त्याला ते काम फार पोरकट वाटलं. तरी दिलं करून. सकाळी तो प्रोग्राम लोकांनी लिहून दिलेल्या अर्ज क्रमांकांची यादी घेतो, ज्या साइटवर नुसत्या क्रमांकावर स्थिती दिसते ती पानं एकामागून एक उघडतो, कॅप्चा मी वाचते, तो स्थिती टिपतो आणि कालच्याशी ताडून बदललेलीच नावं मराठीत दाखवतो. पानाचा तारखेसह फोटो त्या माणसाच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो. 'तुमचा अर्ज आलाच नाही' असं ऑफिसात म्हणाले की लोक तो कागद पुढे करतात. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याही कामाचं एवढं कौतुक झालं नाही. स्वतःहून तो काहीच सबमिट करत नाही, कुणाला मेसेजही पाठवत नाही. फोन मी करते. जिथे लॉगिन लागतं तिथे माणसालाच बोलावते, कारण दुसऱ्यांचे पासवर्ड मला ठेवायचे नाहीत. त्यामुळे शिष्यवृत्तीचं बरंचसं अजून हातानेच चालतं.

अडचण पैशाची आहे. फॉर्म भरायचे लोक कुरकुर न करता देतात, पण "नुसतं बघायचे कसले पैसे ताई?" म्हणतात. म्हणून आता फॉर्म भरतानाच पुढचं बघायचे थोडे पैसे त्यात धरते आणि पावतीवर तसं लिहून देते. काहीजण ते ऐकून समोरच्या केंद्रात जातात, तिथे स्वस्तात होतं. त्यातले बरेच फेब्रुवारी-मार्चमध्ये दुमडलेला कागद घेऊन माझ्याकडे येतात, जरा बघा ना म्हणून. बघून देते. पण तोवर पासवर्ड विसरलेला असतो, आणि तो बदलायचा ओटीपी जातो त्या समोरच्या केंद्राच्या पोराच्या मोबाइलवर, ज्याने दिवाळीनंतर नोकरी सोडलेली असते.